अक्कांच्या अन्ननलिकेतल्या जखमा

"डॉक्टर, दिसलं का काही?"

आत यायची मनाई असताना विलासभाऊंनी दार किलकिलं करून विचारलं. दुर्बीण अजून त्यांच्या आईच्या घशात होती. मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हटलं, "भाऊ, बाहेर बसा. झालं की मीच येतो." सिस्टरनी दार लावून घेतलं.

दिसलं होतं, पण ते काय आहे हे मला लगेच सांगता येत नव्हतं.

अक्का फैजपूरच्या. केळीच्या बागायतीचं घर. वय सत्तरीच्या आसपास, बारीक अंगाच्या, बोलायला खणखणीत. माझ्या जळगावच्या ओपीडीत पहिल्यांदा आल्या तेव्हा छातीच्या मधोमध बोट रोवून म्हणाल्या होत्या, "अठी अटकते. भाकर जात नही. पानी पेलं तरी आग व्हते. केयं तेवढं जाते." त्यांच्या बोलीत केळ्याला केयं म्हणतात आणि गोळीला गोयी.

गावातल्या डॉक्टरांनी आधी ॲसिडिटीचे उपचार केले होते. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. खान्देशात छातीत जळजळ घेऊन कोणी आलं की मीसुद्धा आधी ठेचा आणि शेवभाजीची चौकशी करतो. जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत येतं, नळीचं अस्तर भाजतं, आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या की माणूस बरा होतो. अक्का बऱ्या होईनात, उलट वाळत चालल्या.

विलासभाऊंच्या जिवाला घोर लागला होता, कारण त्यांचे वडील अन्ननलिकेच्या कॅन्सरनेच गेले. त्यांचीही सुरुवात अशीच, घास अडकण्यापासून झाली होती. त्यात घरात अक्कांच्या नातवाचं लग्न ठरलेलं. भाऊंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तसलं काही निघालं तर लग्न याच महिन्यात उरकतो. अक्काच्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे." मुंबईच्या डॉक्टरांची वेळही त्यांनी घेऊन ठेवली होती. अक्कांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं, आणि अक्कांना सगळं माहीत होतं.

आता स्क्रीनवर काय होतं ते सांगतो. आम्लाने भाजलेली नळी खालच्या टोकाला, जठराजवळ लाल झालेली असते. अक्कांचं खालचं टोक स्वच्छ होतं. कॅन्सर बहुतेकदा उंचवट्यासारखा दिसतो, तसंही काही नव्हतं. नळीच्या मधल्या भागात, समोरासमोरच्या भिंतींवर दोन उथळ जखमा होत्या. आजूबाजूचं अस्तर अगदी निरोगी. अशी जखम गोळी अडकून होते. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी त्या जागी अन्ननलिकेला जरा दाबते, तिथे गोळी रेंगाळू शकते. पण सत्तरीच्या बाईला घास अडकत असेल, तर नुसतं बघून निकाल देता येत नाही. मी जखमांचे बारीक तुकडे काढून बायोप्सीला पाठवले आणि बाहेर आलो.

"अक्का कुठल्या गोळ्या घेतात?"

विलासभाऊंनी पिशवी पुढे केली. एक बीपीची रोजची. दुसरी हाडांची, आठवड्यातून एकदा घ्यायची. मोरीत घसरून अक्कांचं मनगट मोडलं होतं, तेव्हापासून हाडं ठिसूळ झाली म्हणून चालू होती. मी सावध झालो. ही हाडांची गोळी औषध म्हणून चांगली, पण फार कडक. पोटात गेली तर ठीक, वाटेत थांबली तर जिथे थांबेल तिथे भाजते.

"ही पाण्याबरोबरच घेतात ना?"

"हो हो, पाण्याबरोबरच. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय," विलासभाऊ म्हणाले.

झालं, माझा संशय तिथेच लुळा पडला. अक्कांना अशक्तपणा होता, म्हणून सलाईनसाठी दाखल करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेलो तर अक्का उशीला टेकून बसलेल्या. त्यांच्या सूनबाई मीनाताई केळं सोलत होत्या. अर्धं सोलून झाल्यावर त्यांनी बीपीची गोळी केळ्यात बोटाने दाबली, वरून गर सारखा केला आणि तो तुकडा सासूबाईंच्या तोंडात दिला. अक्कांनी तो दोनदा तोंडात फिरवून गिळला आणि पुन्हा आडव्या झाल्या. मी दारातच उभा राहिलो.

"मीनाताई, हे काय केलंत?"

"गोळी दिली," त्या म्हणाल्या. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असा चेहरा.

"रोज अशीच देता?"

"आमच्याकडे सगळेच अशी घेतात. लहान मुलांना तर अशीच देतो. कडू लागत नाही."

मी मूळचा धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचा. आमच्याकडे कोरडवाहू शेती, केळं दिसायचं ते बाजारच्या दिवशी. गोळीला गूळ मिळायचा. जळगावात इतकी वर्षं काढून हा प्रकार मला ठाऊक नव्हता.

"आणि पाणी?" मी विचारलं.

उत्तर अक्कांनी दिलं. "केयावर कोनी पानी पेते का? खोकला व्हतो ना." डॉक्टरला एवढंही कळू नये, याचं त्यांना वाईट वाटलं असावं.

"अक्का, ती हाडांची गोळी कधी घेता?"

"पहाटी. उपाशीपोटी सांगेल हाये ना? उठते, केयात घालून घेते, अन् चहा व्हयेलोक पडते."

विलासभाऊ पहाटे बागेत केळीची गाडी भरायला जातात. आईच्या उशाशी पाण्याचा तांब्या असतो, एवढंच त्यांनी पाहिलेलं. ते खोटं बोलले नव्हते. अक्काही काही लपवत नव्हत्या. केळं मऊ, ते घसरून खाली जात होतं. मागून पाणी नाही, वर चहा होईपर्यंत बाई आडवी, त्यामुळे गोळी मधेच भिंतीला चिकटून बसत होती. जखम झाल्यावर भाकरी जाईना, मग अक्का केळ्यांवरच राहिल्या, आणि गोळीचा नेम चुकला नाही.

मी विलासभाऊंना सगळं समजावलं. त्यांचा विश्वास बसेना.

"एका गोळीने एवढं होतं?"

"होतं."

"म्हणजे ते नाही?" कॅन्सर हा शब्द ते उच्चारत नव्हते.

"असं मी अजून म्हणत नाही. रिपोर्ट आल्यावर म्हणेन. तोवर लग्नाची तारीख हलवू नका."

हाडांच्या डॉक्टरांना फोन केला. ते वैतागले. "अहो, मी स्वतः सांगितलं होतं. पेलाभर पाणी, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही."

"सांगितलं असणार. मध्ये केळं आलं."

ते हसले. गोळी बंद करून वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन देऊ म्हणाले.

रिपोर्टची वाट बघणं मात्र मला जड गेलं. कारण सापडलं की डॉक्टर स्वतःवर खूष होतो, आणि खूष डॉक्टरच फसतो. गोळीची जखम आणि कॅन्सर, दोन्ही एकाच माणसाला होऊ नयेत असा काही नियम नाही.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, साधी जखम होती. मी तो पुन्हा एकदा वाचला आणि खुर्चीत मागे रेललो. फार बरं वाटलं. विलासभाऊंना सांगितलं, तर ते वॉर्डबाहेरच्या बाकावर बसले आणि रुमालात तोंड घालून रडले. मी आत जाऊन अक्कांच्या खाटेशी उभा राहिलो आणि माझ्या तोंडून घरची अहिराणी निघून गेली.

"अक्का, काही नही शे. बठ्ठं चांगलं शे."

अक्कांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही धुय्याकडले का?"

जखमेवर लेप धरणारं पातळ औषध आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू केल्या. त्या गोळ्या पाण्याबरोबर, बसून, माझ्यासमोर घ्यायला लावल्या. काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. जखमा भरल्या होत्या.

लग्न ठरल्या तारखेलाच झालं. मी गेलो होतो. पंगतीत वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. अक्का माझ्या शेजारी बसून बट्टी चुरत होत्या आणि वाढप्याला तूप कमी वाढल्याबद्दल बोलत होत्या. जेवण झाल्यावर त्यांनी मला थांबवलं. कमरेच्या पिशवीतून बीपीची गोळी काढली, तोंडात टाकली, पेलाभर पाणी शेवटपर्यंत प्यायल्या आणि आ करून दाखवला.

"पाह्यलं?"

"पाहिलं."

तेव्हापासून मी पेशंटला गोळी कशी घेता असं विचारत नाही. टेबलावर पाणी, चहा, केळं, सगळं ठेवतो आणि म्हणतो, घरी घेता तशी घेऊन दाखवा. पाण्याकडे हात फार थोड्यांचा जातो.