आमच्या भावजींची मांडवली

अख्ख्या पनवेल तालुक्यात आमच्या भावजींइतका भांडनाचा वैरी दुसरा जन्मला नाय. भावजी म्हंजे माजे धाकटे दीर. कुनाला दारूचा नाद असतो, कुनाला पत्त्यांचा, तसा या मानसाला भांडान मिटवायचा नाद. कुटं दोन मानसं चढ्या आवाजात बोलली की हे ताटावरनं खरकट्या हातानं उटतात आन पळत सुटतात. एकदा असेच धावले, तर तितं दोन भाऊ साधंच बोलत होते, एक जन बहिरा म्हनून दुसरा वरडत होता. तरी यांनी दोगांना चा पाजला, हातात हात दिले आन मगच घरी धाडलं. आळीत दोन कुत्र्यांची जुंपली तवा हे मदी घुसले. दोगांनीबी एकेक चावा घेतला. दवाखान्यात नर्सनं इचारलं, "कुटलं कुत्रं चावलं काका?" हे बोलले, "एकाचंच नाव कशाला घेऊ बाय? दोगांची चूक सारखी हाय."

नळावर तर बायकांनी यांचा पार बैल केला. आमच्याकडं पानी दिसाआड येतं, मग हंड्यावरनं कचकच ही ठरलेली. भावजी यायचे, बोलायचे, "तुमी दोगीबी सावलीत बसा, मी भरतो." आन सगळे हंडे भरून दारात पोचवायचे. हे बायकांच्या ध्येनात आलं. मग जिची कंबर दुकायची ती बाजूवालीला डोळा मारायची, बोलायची, "चल ग, जरा भांडू." लगीन मात्र भावजींनी केलं नाय. दोन पोरी सांगून आलत्या. एकीला हो बोललो तर दुसरीच्या बापाला वाईट वाटंल, म्हनून यांनी दोगींना दुसरीकडं चांगली स्थळं बगून दिली आन दोन्ही लग्नांत वाडायला उबे रायले.

माज्या मागच्या खोलीचं मात्र मला हसू येत नाय. माजा मालक गेला तवा दोन पोरं लहान होती. मी टोपली डोक्यावर घेतली आन पनवेलच्या बाजारात म्हावरं इकायला बसले. रडत बसले असते तर म्हावरं नासलं असतं. त्याच वक्ताला एक मंडपवाला आला, बोलला, आठ दिस बांबू ठेवतो. बांबूमागनं खाट आली, खाटेमागनं तो सोताच आला. मी काडायला निगाले की भावजी आडवे. "वयनी, तो कोपऱ्यात गप पडलाय ना? तुमाला काय मागतो? जबरदस्तीनं काडायला गेलात तर मारामारी व्हईल, भिंत पडंल, नुसकान तुमचंच." तो अकरा वरसं गप पडला. गेला तवा त्याच्या न्हानीच्या पान्यानं माजी अर्धी भिंत फुगलेली.

आता खरं सांगायचं ते सांगते. मागं गावात दोन मंडळांनी एकाच दिवशी रक्तदानाचं शिबिर ठेवलं. भावजी कुनाला नाय बोलनार? सकाळी एकीकडं रगत दिलं, दुपारी दुसरीकडं जाऊन झोपले. तितल्यांनी दंडावरची पट्टी बगून हाकलून लावलं. आन आठवड्यानं पयल्या शिबिराकडनं फोन आला की तुमच्या रगतात कावीळ हाय, बी नावाची, पनवेलला लिव्हरच्या डॉक्टरला दाकवा.

मी संगती गेले. डॉक्टरीनबाई तरनी, करंजाड्याकडं राहनारी, लई गोड बोलायची. भावजींनी इचारलं, "मला तर कदी ताप नाय, दुकलं नाय. हा रोग आला कवा?"

"बहुतेक जन्माच्या वेळीच, आईकडून आला असेल," ती बोलली. "इतकी वर्षं लिव्हरमध्ये आहे."

"मग अंगातली ताकद झोपली होती काय?" मी बोलले.

"झोपली नव्हती, आजी. आपल्या रक्तात विषाणूशी लढणाऱ्या पेशी असतात, आणि त्या लढणाऱ्यांना आवरणाऱ्या पेशीपण असतात. आवरणाऱ्या लागतातच. नाहीतर विषाणूला मारता मारता लढणाऱ्या पेशी लिव्हरचीच नासधूस करतील. पण त्या जरा जास्तच आवरायला लागल्या, की विषाणूचं फावतं. तो आत आरामात घर करून बसतो."

मी भावजींकडं बगितलं. डॉक्टरीनबाईला सांगितलं, "बाय माजी, तू यांचं रगत नाय तपासलंस. तू हा मानूसच तपासलास."

ती हसली. भावजींची छाती मात्र ही एवढी फुगली. घरी येईस्तवर रिक्षावाल्याला सांगून झालं, "माज्या रगतात पंच हायत, पंच!" डॉक्टरीनबाईनं गोळ्या दिल्या, रोज एक, आन बजावलं की मनानं बंद करायच्या नायत, अचानक बंद केल्या तर लिव्हर सुजतं, जिवावर बेततं. घरातल्या सगळ्यांचं रगत तपासून घेतलं. आमचं साफ निगालं, मग पोरांना, सुनंला, नातवंडांना लशीच्या सुया टोचल्या. एका ताटात जेवल्यानं हा लागत नाय असंबी ती बोलली, म्हनून भावजींचं जेवान माज्याकडंच रायलं.

चार-सा म्हयने बरे गेले. मग एक दिस सकाळी मी त्यांच्या घरात कोळंबीचं कालवन द्यायला गेले, तर देव्हाऱ्यात गोळ्यांच्या दोन डब्या. वरनं हळदकुंकू, आन सील तसंच.

"हे काय भावजी?"

"वयनी, मी त्याच्याशी मांडवली केलीय. तो गप, मीबी गप. रोज गोळी टाकून त्याला कशाला चिडवायचा? सोताचं रगत शानं असंल तर दवा कशाला?"

मी त्यांच्या डोळ्यांत बगितलं. पांढऱ्यात पिवळं उतरलेलं. असाच रंग मी एकदा बगितलाय.

मी आविष्यात कुनावर वरडले नाय. त्या दिशी असा आवाज लावला की आळी गोळा झाली. सगळी दारात उबी, पन पुडं कोन येनार? मिटवनारा मानूस आज भांडनात होता. भावजी सवयीनं बोलले, "वयनी, तुमी जरा सावलीत बसा..."

"बसनार नाय!" मी बोलले. "तुमच्या भावाला कावीळ झाली तवा मी मुंबयच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला निगालते. सासूबाय बोलल्या, झाडपाल्यानं उतरंल. आमचं भांडान तुमी मिटवलात. पयले आठ दिस आईचे, मंगचे आठ वयनीचे. माजे आठ आलेच नायत भावजी."

इतक्या वरसांत हे मी कुनाला बोलले नवते. भावजी खालीच बसले. गोळा झालेली मानसं आपसूक पांगली. मी डबीचं सील फोडलं, गोळी त्यांच्या हातावर ठेवली आन पान्याचा तांब्या पुडं केला. गिळली. मग तसंच रिक्षात घालून पनवेलला नेलं. डॉक्टरीनबाईनं रिपोर्ट बगून कपाळाला हात लावला. लिव्हर सुजलेलं. पाच दिस भरती करून घेतलं. मी तिला बाहेर गाठून इचारलं, माज्या मालकाला पयल्याच दिशी नेला असता तर? ती बोलली, "आजी, ते आता कुणालाच सांगता येणार नाही." तिनं खोटं सांगितलं नाय, ते बरं केलं.

आता डोळे पांढरे झालेत. लिव्हरवर वण हायत, ते रायतील, पन गोळी चालू हाय तवर धकंल बोलली. भावजी रोज सकाळी डबी घेऊन माज्या वट्यावर येतात, माज्यासमोर गोळी घेतात आन जीब काडून दाकवतात. नळावरनं कुनी हाक मारली तर मान फिरवतात, बोलतात, "भांडू दे थोडं. लागतं थोडं."

परवा मी कोळंबी सोलत बसलते. गोळी घेऊन झाली तरी भावजी उटले नायत. बोलले, "वयनी, तवा दादाला नेला पायजे होता. मी तुमच्या बाजूनं बोलायला पायजे होतं."

मी माज्यापुडची अर्धी कोळंबी त्यांच्याकडं सरकवली. ते सोलायला बसले. त्यांना नीट सोलता येत नाय, निम्मी शेपटीकडनं तुटते. मी तसलीच कालवनात घातली.