काठावरचा लिंब

माझ्या बायकोच्या मामांइतकी मातीवर माया करणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा सापडायचा नाही. धरणगावच्या पुढे, तापीकडे उतरणाऱ्या नाल्याच्या काठावर त्यांचं कपाशीचं काळं रान आहे. कुठेही गेले तरी मामा आधी चिमूटभर माती जिभेवर ठेवतात, मग चहा. आमच्या जळगावच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला पाहुणे नवी फरशी बघत होते, आणि मामा शेजारच्या इमारतीच्या पायाच्या खड्ड्यात उतरले होते. वर येऊन त्यांनी ओल्या मातीची वळी वळली, तिची बांगडी केली, ती तुटली नाही म्हणून खूश होऊन पूजेच्या ताटात ठेवली. गुरुजींनीही न बोलता तिला हळदकुंकू वाहिलं. माणसांची पारखही मामा अशीच करतात. आमचं लग्न ठरताना माझा हात दाबून म्हणाले होते, "पोऱ्या मुरमाड शे. पानी थांबत नई." म्हणजे माझ्या पोटात काही राहत नाही. खरंच आहे ते, नाहीतर हे लिहायला बसलो नसतो.

बायकोची आई लवकर गेली, त्यामुळे माहेरची आखाजी तिला मामांनीच दिली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि झोके घेतात. काठावरच्या लिंबाला मामा स्वतः दोर बांधायचे आणि झोका देताना ओरडायचे, "शेंड्याले पाय लाव, माय." तिचा पाय कधीच पोचला नाही, पण लग्नानंतरही त्या झोक्यासाठी तिचा जीव वैशाखात कासावीस होई.

वैशाखात काळ्या रानाला भेगा पडतातच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण गेल्या वर्षी लिंबाच्या मागून, काठाला धरून, एक लांबच लांब भेग गेली. शेजारी म्हणाले, काठ सुटतोय, पाणी लांब ठेवा. मामांना ती भेग बघवेना. "तिले तीस लागेल शे," म्हणजे तहान लागलीय, असं म्हणाले आणि विहिरीची मोटार लावून पाटाचं पाणी भेगेत सोडलं. माती फुगेल, भेग मिटेल, लिंब वाचेल, पोरीचा झोका चुकणार नाही, एवढंच त्यांच्या मनात. मधल्या रानात असंच होतं, भेगा मिटतात. काठावर मात्र पाण्याने खालची माती लोण्यासारखी झाली. आम्ही आखाजीच्या आदल्या दिवशी पोचलो तेव्हा ती सगळी पट्टी नाल्यात बसली होती. लिंब पडला नव्हता. उभाच्या उभा खाली गेला होता. मामा काठाशी बसून होते. "मीच पाजं तिले," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी माती तोंडात घातली नाही, आणि जेवणही. मला फार वाईट वाटलं.

यंदा पुन्हा गेलो. लिंब खाली जगला आहे, मोहरलाही आहे. त्याचा शेंडा आता रानाच्या बरोबरीला येतो. बायको आपली म्हणाली, "मामा, मी काय आता झोका घ्यायच्या वयाची आहे का?" मामा काठाजवळ जाऊन पोटावर पालथे झाले आणि सरपटत पुढे गेले. मी धावत जाऊन त्यांचे पाय धरले. हात लांबवून त्यांनी एक कोवळी, मोहरलेली डहाळी तोडली आणि मागे न बघताच तिच्याकडे धरली.

"ले माय. शेंडाच खाले उना तुन्हाकरता."

तिच्यासाठी खाली आलेल्या शेंड्याची ती डहाळी तिने घेतली. मामा तसेच पडून खाली बघत राहिले, आणि मी काही त्यांचे पाय सोडले नाहीत.