उजवा पदर वर

आजाऱ्याला कपडे घालून झाले की कॅशियरबाई दोन पावलं मागे सरायची आणि त्याच्या छातीकडे टक लावून बघायची. मग सुस्कारा सोडायची. तो सुस्कारा ऐकला की आमच्या खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. नाही ऐकू आला, तर कोणी कोणाकडे बघायचं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. टोकियोच्या एका हिंदुस्थानी हॉटेलात मी आचारी होतो. शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तरांच्या मेहेरबानीनं. तेलकट फरशीवर घसरलो, मांडीचं हाड मोडलं आणि इस्पितळात पडलो. पाय वजनं लावून टांगलेला, आजूबाजूला जपानी म्हातारे, आपल्या पायांनी चालणारा एखाददुसराच. दुसऱ्या दिवशी एक बाई अंग पुसायला आली आणि म्हणाली, "काका, पाणी गरम आहे हं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं, पण मी येऊ दिलं नाही.

ती पुण्याची. नवरा कॉम्प्युटरवाला, बिऱ्हाड टोकियोजवळच्या ग्योतोकूला. पुण्यात ती बँकेत कॅशियर होती, म्हणून मी तिला कॅशियरबाई म्हणायचो. इथे ती नर्सांच्या हाताखाली मदतनीस होती. पण तिला स्वतः नर्स व्हायचं होतं. दुसरं काम करून आलेल्या मोठ्या माणसांना लवकर नर्स करून सोडणारी एक शाळा होती. जागा मूठभर, अर्ज टोपलीभर. लेखी परीक्षा ती पास झाली होती. आता मुलाखत होती, आणि त्याआधी आमच्या इस्पितळाच्या मुख्य नर्सबाईची शिफारस पोचायला हवी होती. पुढच्या वर्षी तिचं वय अटीत बसणार नव्हतं. नवरा म्हणायचा, "पंख्याखालची खुर्ची सोडून लोकांची घाणीची भांडी उचलायची हौस." तेव्हा जे व्हायचं ते याच खेपेला.

मुलाखतीची तालीम ती माझ्यावर करायची. माझी दाढी करता करता म्हणायची, "विचारा काका, साहेब होऊन विचारा." मी घसा खाकरून विचारायचो, "काय गं, बँक सोडून इथे कशाला कडमडलीस?" ती हसायची. एकदा मात्र हसली नाही. म्हणाली, "बँकेत माणूस काचेच्या पलीकडे असतो. इतकी वर्षं मी फक्त नोटांना हात लावला, काका. माणसाला नाही." मी म्हटलं, "हेच सांग." ती म्हणाली, "जपानीत सांगताना ते वेड्यासारखं वाटतं."

आता कपड्यांचं. तिथे आजाऱ्याला सुती झगा घालायचे. बटण नाही, दोन पदर छातीवर एकमेकांवर घ्यायचे आणि नाडी बांधायची. माणूस जिवंत असेल तर डावा पदर वर. मेला की उजवा वर. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आपल्याकडे बाईच्या झग्याचा उजवा पदरच वर येतो, त्यामुळे तिचा हात सवयीनं तसाच गेला. माझ्या शेजारी एक सुतार होता, हसरा, खोकल्यापलीकडे त्याला काही नव्हतं. तिनं त्याचं अंग पुसलं, उजवा पदर वर घेऊन नाडी बांधली. समोरच्या म्हाताऱ्यानं ते पाहिलं आणि आपला पडदा ओढून घेतला. सकाळी सुतार गेलेला होता.

मुख्य नर्सबाईला सगळे फुचो-सान म्हणत. काटक बाई, आवाज कधी चढायचा नाही. तिनं कॅशियरबाईला बाजूला घेऊन रीत समजावली. तेव्हापासून हिचं ते मागे सरून बघणं सुरू झालं. बांधताना मराठीत पुटपुटायची, "डावा वर, डावा वर." शंभरदा बरोबर जायचं. आणि एखाद्याच्या वेळी, तोंडानं डावा म्हणत असताना, हात उजवा वर घेऊन मोकळे व्हायचे. ती लगेच सोडून नीट बांधायची. पण तो माणूस टिकायचा नाही. एक तर घरी जाणार होता, मुलगा चपला घेऊन आला होता. त्या चपला पलंगाखालीच राहिल्या.

मी भुताखेतांना मानत नाही. तरणा असताना गावच्या मसणवटीत बसून पैजेवर भाकरी खाल्लेली आहे. मी तिला म्हटलं, "म्हातारी माणसं आहेत, मरणारच. तुझ्या हाताचा काय संबंध?" ती हात पदराखाली लपवल्यासारखे अंगरख्याच्या खिशात घालून म्हणाली, "काका, त्या वेळी हात गार पडतात. बांधायच्या आधीच."

खोलीत कुजबुज वाढली. म्हातारे तिला हात लावू देईनात. फुचो-साननं तिला बोलावून सांगितलं की शिफारस देता येणार नाही. जिला आजारी घाबरतात ती नर्स कशी होणार? हे तिनं मला रडत नाही, तर हिशेब लागत नाही अशा चेहऱ्यानं सांगितलं. शिफारस पाठवायला जेमतेम दोन दिवस उरले होते.

त्याच दुपारी तिनं माझा झगा बदलला. मला बारीक ताप होता, उजव्या हाताला सलाईन. ती मागे सरली. सुस्कारा आला नाही. मी खाली पाहिलं. उजवा पदर वर.

ती झडप घालून सोडायला आली. मी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. खरंच गार होतं, विहिरीतल्या दगडासारखं.

"राहू दे," मी म्हटलं.

"काका, वेडेपणा करू नका. सोडा."

"उद्या फुचो-सान फेरीला येईल तोवर असाच राहणार. मी जिवंत दिसलो की मग बोलू दे तिला."

"आणि नाही दिसलात तर?"

"तर तुला शिफारस नाही. ती तशीही नाहीच."

ती गेली. मग जे झालं ते मी कोणाला फारसं सांगत नाही. चहावाली सगळ्यांना चहा देत आली आणि माझ्यापाशी न थांबता पुढे गेली. मुद्दाम नव्हे, पलंग रिकामा असल्यासारखी. समोरच्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघून हात जोडले. दिवे लागायच्या वेळी सुताराच्या रिकाम्या पलंगाचा पडदा आतून कोणी टेकल्यासारखा फुगला. खिडकी बंद होती. माझे पाय तळव्यांपासून वर वर बधिर होत चालले. मी मनात गावातल्या सगळ्या देवांना नाही, सगळ्या वैऱ्यांना आठवत राहिलो. रागानं माणूस जागा राहतो.

सकाळी फुचो-सान आली. पदराकडे बघून तिचा चेहरा उतरला. मी मोडक्या जपानीत म्हटलं, "बघा. जिवंत." तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग स्वतःच्या हातांनी नाडी सोडून पदर नीट केला आणि काहीतरी बोलली. मागे उभ्या कॅशियरबाईनं मला सांगितलं, "विचारतात, याला हट्ट म्हणायचं की मूर्खपणा?" मी म्हटलं, "दोन्ही म्हणा, पण सही करा." त्या दिवशी सही झाली. मुलाखतीत तिनं काचेचं तेच सांगितलं म्हणे, आणि जागा मिळाली.

पुढे मी गावी परतलो. ती नर्स झाली. खूप वर्षांनी तिचा फोन आला. मी विचारलं, "हात अजून तसं करतात का गं?"

"करतात. मग मी पदर सरळ करते आणि खुर्ची ओढून तिथेच बसते. एकटं सोडत नाही."

मी म्हटलं, "माझ्यापुढे मात्र हरले तुझे हात. डोळ्याला डोळा लागू दिला नाही मी."

"घोरत होता, काका," ती म्हणाली. "मी घरी गेलेच नव्हते. तुम्हाला झोप लागली की पदर सरळ करायचा आणि पहाटे पुन्हा होता तसा करून ठेवायचा, असं ठरवलं होतं. तुमचा शब्द राहिला असता."

"म्हणजे तू सरळ केलास होय?"

"नाही. मी पडदा सारला तेव्हा तो सरळच होता. गाठसुद्धा नीट बांधलेली. मी फक्त पहाटे उलटा केला. मला वाटलं, तुम्हीच घाबरून बदललात."

मी म्हटलं, "असेल, झोपेत केलं असेल." तीही हो म्हणाली आणि आम्ही पावसापाण्याचं बोललो.

माझा उजवा हात तेव्हा सलाईनच्या फळीला बांधलेला होता. एका हातानं नाडीची गाठ मारता येते का, हे मी अजून करून पाहिलेलं नाही.