लडकूचा नववा बाण

लडकूला राग आला की आधी त्याचे कान लाल व्हायचे. त्या दिवशी रेंजर साहेबांनी मेमो वाचून दाखवला, तेव्हा कान इतके तापले की त्यानं टोपी काढून हातात धरली.

‘रोजंदारी वनमजूर लडकू याने वाटेवरील सरकारी दगडांस शेंदूर फासून वनजमिनीवर देवस्थान उभे करण्याचा प्रयत्न केला.’

घ्या! अकरा वर्षं हा माणूस भिवंडीबाहेरच्या त्या डोंगरावर राबला. पायथ्यापासून माथ्यावरच्या टेहळणी मनोऱ्यापर्यंतची वाट त्यानं पहारीनं फोडली, घसाऱ्याच्या जागी पायऱ्या रचल्या, दर पावसाळ्यानंतर पुन्हा रचल्या. त्याला कायम करायचे कागद अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीत कुठे वरच्या ऑफिसात पोचले होते. त्यांच्या मागोमाग हा मेमो गेला की सगळं मुसळ केरात.

आणि शेंदराची गोष्ट खरी काय होती? शुक्रवारी कापडाचे लूम बंद असले की कामतघरचे कामगार डोंगरावर यायचे, रविवारी मास्तर आणि कारकून बायकापोरांना घेऊन. लोक वाट चुकायला लागले, तेव्हा आधीच्या साहेबांनी हुकूम सोडला, दगडांना चुना लावा आणि वर तांबडा बाण काढा. लडकू तेव्हाच म्हणाला होता, “साहेब, निळा रंग द्या. झाडाखाली पांढरा दगड, वर तांबडं काही दिसलं, तर आपली माणसं काय समजतील?” साहेब म्हणाले, “तू डोकं चालवू नकोस, ब्रश चालव.” चालवला ब्रश. महिन्याभरात पहिला नारळ फुटला. मग शेंदूर, मग फुलं, मग अगरबत्त्या. बाण गेले शेंदराखाली. लडकू दोनदा ऑफिसात सांगून आला, तर कुणी मान वर करून बघितलं नाही. शेवटी नारपोलीचे हेडक्लार्क श्रीनाथराव कुटुंबासकट दोन तास करवंदीच्या जाळीत अडकले आणि त्यांनी तक्रार ठोकली. खापर फुटलं ते लडकूच्या डोक्यावर, आणखी कुणाच्या फुटणार!

“मी न्हाय फासला शेंदूर,” लडकू म्हणाला.

“मग कुणी?”

“येनाऱ्या-जानाऱ्यांनी. शिकलेल्यांनीसुद्धा.”

“उगाच लोकांवर ढकलू नकोस. शिकलेला माणूस रंगवलेल्या दगडाच्या पाया पडेल होय?”

लडकूनं टोपी डोक्यावर घातली. “तुम्ही एकदा तरी वर गेलाय? न्हाय ना? मग चला आत्ता. बघा आनि मग पाठवा तुमचा कागद.”

साहेब तडकले, पण निघाले. मेमो खिशात होताच. अर्ध्या चढावर त्यांचा श्वास भात्यासारखा चालू झाला. एका जुन्या ऐनाच्या झाडाखाली ते थांबले. बुंध्याशी दगड, त्यावर बोटभर शेंदराचा थर, कुणीतरी चांदीचे डोळेही बसवलेले. साहेबांनी बूट काढले. हात जोडले, डोकं टेकवलं, बोटानं शेंदूर घेऊन कपाळाला लावला.

“जागृत दिसतोय रे,” ते हळूच म्हणाले. “कुठला देव हा?”

लडकूचे कान पेटले होते. “मागं बघा, साहेब.”

साहेब वाकले. दगडाच्या पाठीवर चुन्यात लडकूच्याच हातचा आकडा होता, ९.

“नववा बान हाय हा. सरकारी. असे तेवीस हायेत. आता तुमच्या मेमोत एक ओळ वाढवा, लडकूनं देव मांडला आनि पूजा रेंजर साहेबांनी केली. गुन्हा हाय तर दोघांचा लिहा! अकरा वर्षं मी ह्या दगडांवर घाम गाळला, आनि तुम्ही खुर्चीत बसून मला लबाड ठरवता? लाज न्हाय वाटत?”

साहेबांनी बूट घातले. नाडी बांधायला नको तितका वेळ लावला. मग लडकू पुढे आणि साहेब मागे, असे दोघं थेट मनोऱ्यावर चढले.

माथ्यावर वारा भणाणत होता. खाली लूमच्या पत्र्यांच्या रांगा आणि खाडीचं पाणी दिसत होतं. साहेबांनी खिशातून मेमो काढला, न वाचताच त्याचे चार तुकडे केले आणि कठड्यावरून सोडून दिले. “झालं ना समाधान?” ते म्हणाले. “निळा रंग पाठवतो.”

तुकडे वाऱ्यानं उलटे फिरून मनोऱ्याच्या पायाशी गवतात पडले. लडकू तिथे लावलेल्या पाटीकडे बोट दाखवत होता. ती पाटीही त्यानंच रंगवली होती.

“ओ साहेब, हितं कचरा टाकायला बंदी हाय. उचला.”

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. लडकू हलला नाही. मग साहेब खाली उतरले आणि कपाळावरच्या शेंदरासकट गवतात वाकून एकेक तुकडा वेचायला लागले. चौथा तुकडा सापडेपर्यंत लडकू वरून मोजत उभा राहिला.