माझ्या नावाची मूठ

देवीवर माझा विश्वास नव्हता असे नाही, पण तो सोयीपुरता होता. शिरपूरजवळच्या आमच्या गावी नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, आणि मी सुरतला कापडाच्या दुकानात नोकरीला. सलग तीन वर्षे मी त्या दिवशी गावी गेलो नाही. सुट्टी मिळत नाही, गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते, असे सांगायचो, आणि ते खोटेही नव्हते. पण घरबसल्या मोबाइलवर दर्शन होत होते, हेच खरे कारण. “देवी आता घरपोच येते,” असे मी मित्रांना हसत सांगायचो. आज ते आठवले की माझीच मला लाज वाटते.

आमच्याकडे कानबाईच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. शनिवारी ते दळून आणायचे, रविवारी त्यांचे रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच खायचे. जो घरी नाही, त्याचीही मूठ चुकवत नाहीत. माझी मूठ आई भरायची. तिला काही वर्षांपासून अजिबात ऐकू येत नव्हते, त्यामुळे साध्या फोनचा तिला उपयोग नव्हता. वहिनी तिच्यासमोर मोबाइल धरायची, मी पडद्यावर मूठ वळून दाखवायचो आणि ती पाहून आई परातीत गहू टाकायची. आम्हा दोघांचा तो एक खेळच होऊन बसला होता.

गेल्या वर्षी आषाढापासून आई खंगत चालली होती. यंदा त्याची मूठ त्यालाच भरू दे, असा तिने वहिनीकरवी निरोप दिला. मी शुक्रवारी निघतो म्हणून कबूल केले. शुक्रवारी संध्याकाळी मात्र अंगात आळस आला. शनिवारी पहाटेच्या बसने निघालो तरी दुपारपर्यंत पोहोचू, आणि उशीर झालाच तर मोबाइल आहेच, असा हिशेब करून मी झोपलो. एवढ्या साध्या आळसाची किंमत काय असते, हे तेव्हा कळले नाही.

चोपड्याला जाणारी बस खच्चून भरली होती. नशिबाने खिडकी मिळाली आणि मी नवापूरपासून धुळ्यापर्यंत मोबाइलमध्ये डोके घालून बसलो. कोणी नाचतोय, कोणी वडे तळतोय, मी पाहतोय. धुळे सोडून नरडाण्याच्या पुढे गेलो आणि बस थांबली. पुढे ट्रक उलटला होता. तास गेला, दोन तास गेले. चारच्या सुमारास वहिनीचा फोन आला. चक्कीवाला पाचनंतर थांबणार नव्हता. बाकी सगळ्यांच्या मुठी टाकून झाल्या होत्या, पण माझे तोंड पाहिल्याशिवाय आई माझी मूठ टाकायला तयार नव्हती. लगेच लावतो म्हणालो आणि पाहतो तर दिवसाचे नेट संपलेले.

रिचार्ज करायला गेलो, तर पैसे भरायलाही नेटच लागते. आजूबाजूला दोघा-तिघांना विचारले. दुपारपासून सगळेच अडकलेले, कोणाकडे उरले नव्हते, कोणाला द्यायचे नव्हते. त्यांना तरी काय बोलणार? मी डोळे मिटले आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा मनापासून म्हणालो, कानबाई माय, आता माझ्या हातात काही नाही.

शेजारी धुळ्याला चढलेले एक म्हातारे चाचा बसले होते. चोपड्याला गाद्या-रजया भरायचा त्यांचा धंदा. माझी धडपड ते मघापासून पाहत होते. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेला मोबाइल काढला आणि माझ्या हातात दिला.

“भाऊ, मन्हा मोबाईलमा नेट शे. माले त्यामानं काही समजत नही. तुले जसं जमी तसं कर.”

मी त्यांचे नेट माझ्या मोबाइलला जोडले. चित्र अडकत होते, पण आई दिसली. परातीपुढे बसली होती, फारच वाळलेली. मी मूठ वळून दाखवली. तिने गहू उचलले, हात परातीवर धरला आणि ऐकू न येणारी माणसे बोलतात तशी मोठ्याने म्हणाली, “मन्ही मूठ धाकली शे रे बेटा. तुन्हा रोट दरसाल कमीच पडस.” मग गहू टाकले, वर सव्वाचे चार दाणे टाकले. मी खुणेने सांगितले, येतोय. ती म्हणाली, “ये. मी वाट देखस.” तेवढ्यात चित्र गेले.

मोबाइल परत देताना चाचांना विचारले, तुमचे नेट तर संपवले नाही ना मी? त्यांची मुलगी दुबईला होती. संध्याकाळी तिचे तोंड पाहायचे म्हणून त्यांनी दिवसभर मोबाइल उघडलाही नव्हता. उरले असेल तर बघीन, नाहीतर उद्या, असे म्हणून त्यांनी तो पुन्हा रुमालात गुंडाळला. मला त्यांचे नाव विचारायचेही सुचले नाही.

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि अंगणात माणसे बसली होती. माझी मूठ टाकल्यावर आई जरा पडते म्हणून आत गेली होती. वहिनी चहा द्यायला गेली, तेव्हा ती उठलीच नाही. घरात सुतक आले. त्या वर्षी कानबाई बसली नाही आणि परातीतले गहू दळायला गेलेच नाहीत.

शुक्रवारी निघालो असतो तर, हा विचार माझी पाठ सोडत नाही, आणि सोडूही नये. पण रस्ता बंद, नेट बंद आणि माझी सगळी हुशारी संपलेली असताना कोणीतरी आपल्या लेकीची भेट माझ्या हातात ठेवली, हेही तितकेच खरे आहे. त्याला काय म्हणावे ते मी कोणाला पटवत बसत नाही. मी देवघरात हात जोडतो तेव्हा कानबाई मायसोबत ते चाचाही डोळ्यांसमोर येतात, एवढेच. आपली सोय संपते तिथे शरण जावे लागते. ते मला फार उशिरा जमले.

यंदा मी गुरुवारीच गावी गेलो. शनिवारी परातीपुढे बसून पहिल्यांदा स्वतःची मूठ स्वतः भरली. गहू बोटांमधून सांडले, इतकी ती मोठी होती. वहिनीने पाहिले आणि तोंड फिरवले. आमच्या रीतीत बायकांच्या नावाची मूठ नसते. सगळ्या घराच्या मुठी भरल्या, पण आईच्या नावाचे गहू परातीत कधी पडलेच नाहीत. मी कोणाला काही विचारले नाही. सव्वासाठी चार दाणे टाकायचे, तिथे तिच्या हातात मावायचे तेवढे गहू मोजून टाकले.

रविवारी माझा रोट पुरून उरला.