शेऱ्याच्या कानाला फेटा

कुत्र्याच्या कानाविषयी लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे आधीच कबूल करून वाचकांची माफी मागतो. आमच्या घराण्यात लेखणी धरणारा मी पहिलाच. आणि ती धरून लिहायचं काय, तर हे! पण झालेली चूक माझीच असल्यामुळे दुसऱ्या कुणाला लिहायला सांगणंही बरं दिसत नाही.

नाताळच्या सुटीत मी मुंबईच्या कॉलेजातून अकोल्याजवळच्या आमच्या गावी आलो होतो. अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला. घरात आढ्यापर्यंत कापूस, आणि आम्ही झोपायचो चटईवर, कारण गाद्यांमधला कापूससुद्धा मायने उपसून विकला होता! गावभर सगळ्यांनी कापूसच पेरलेला. भाकरीपुरती ज्वारी तेवढी आमच्या एका तुकड्यात होती आणि पंचक्रोशीतली रानडुकरं तिथे पंगतीला बसत. म्हणून बाने माझ्या बहिणीच्या, मंजुळाच्या, सासऱ्यांकडून त्यांचं शिकारी कुत्रं, शेऱ्या, आठ दिवसांसाठी मागून आणलं. मंजुळा तेव्हा माहेरीच होती. गुरुवारी दुपारी व्याही लक्ष्मणजी अमरावतीकडून बैलांची दमणी घेऊन येणार आणि सून व शेऱ्या, दोघांनाही बरोबरच नेणार, असं ठरलं होतं. (दोघांत त्यांचा जीव कुणावर जास्त, हे विचारायची सोय नव्हती.)

नेमका गुरुवारी सकाळी शेऱ्या डुकरामागे बोराटीच्या काट्यांत घुसला आणि कान फाडून घेऊन आला. जखम नखाएवढी, रक्त मात्र बकरं कापल्यासारखं!

"माय वं!" मंजुळा मटकन खाली बसली. "मामाजी मले जन्मभर ऐकवतीन! सून माहेरी गेली अन् कुत्र्याचा कान घालवून आली म्हनतीन!"

बाने माझ्याकडे पाहिलं. "तू कालेजात शिकून राहिला ना बे? मंग कर ना काही!"

"बा, तिथे भूमिती शिकवतात. कानाचं नाही."

"दोन वर्सं झाली. अजून कानापर्यंतबी नाई पोचले?"

मी मायकडे वळलो. "माय, रक्त पुसायला चिमूटभर कापूस दे."

माय ढिगापुढे आडवी उभी राहिली. "कुत्र्याच्या कानात लक्ष्मी कोंबू काय मी? हळद भर!"

मी तेलात हळद कालवली आणि बोट पुढे केलं. तेवढ्यात शेऱ्याने मान झटकली. शिकारी कुत्र्याने फाटक्या कानानिशी मान झटकली म्हणजे काय होतं, हे कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही! भिंतीवर रक्त, बाच्या मिशीवर हळद, आणि मायच्या पांढऱ्याशुभ्र ढिगावर दोन्ही!

"अरे पोट्ट्या, माहा कापूस!"

"धर त्याले! कोनता कान होता रे?" बा ओरडला. एव्हाना शेऱ्याचे दोन्ही कान लालपिवळे झाले होते.

"डावा!" मी म्हणालो. (आयुष्यात मी फार थोड्या वेळा ठामपणे बोललो आहे. त्यांतली ही एक.)

डाव्या कानात मी हळद थापली. पण मान झटकणं काही थांबेना. कान डोक्याला बांधून टाकायला हवे होते आणि घरात एक चिंधी सापडत नव्हती! खुंटीवर फेटा दिसला. तोच ओढला आणि दोन्ही कान दाबून चार वेढे दिले. शेऱ्या एकदम गप्प झाला. फेटा चढला की माणूसही जरा पोक्त वागतो, तसाच.

"अरे," बा रिकाम्या खुंटीकडे पाहत म्हणाला, "हा फेटा तं..."

दारात घुंगरं वाजली. दमणी आली होती. लग्नात व्याह्यांनी मानाने दिलेला तो फेटा त्यांच्याच स्वागताला घालायचा म्हणून बाने काढून ठेवला होता!

लक्ष्मणजींनी शेऱ्याकडे पाहिलं. मग बाच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं.

"व्याहीबुवा, आमी तुमाले दिलेला मान तुमी आमच्याच कुत्र्याले देऊन राहिले काय?"

"तसं नाई व्याही... पोट्टा कालेजात शिकते ना आमचा..."

"दिसून राहिलं."

पाणीसुद्धा न घेता त्यांनी शेऱ्याला फेट्यासकट दमणीत बसवलं. मंजुळा गाठोडं घेऊन उभीच होती. "सुनेचं मागून पाहू," ते म्हणाले. दमणी निघाली. शेऱ्या नवरदेवासारखा मागे वळून पाहत होता. मंजुळा रडली नाही. तिने गाठोडं आत नेऊन ठेवलं. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला परतलो. पाच आठवडे घरचं पत्र नाही. तर्कशास्त्राच्या वर्गात गुरुजींनी अनुमानाचे प्रकार विचारले, तेव्हा मी उभा राहून "डावा" म्हणालो!

शेवटी पत्र आलं. (गावचे मास्तर कापूस वेचायला गेल्यामुळे लिहायला कुणी नव्हतं.) बाने सांगितलं होतं तसंच मास्तरांनी उतरवलं होतं:

"शेऱ्यानं तीन दिवस फेट्याले कोनाले हात लावू देल्ला नाई. चवथ्या दिवशी सोडला, तं फाटका कान निंगाला उजवा. तो आपोआप भरून आला होता. तुह्या हळदीचा डावा मात्र सुजून वांग्यासारखा झाला. ते पाहून व्याही इतके हसले, इतके हसले, का त्याच पावली येऊन मंजुळाले मानानं घेऊन गेले. तुले निरोप देल्ला हाये : पोट्ट्याले अजून शिकू द्या. सद्या ज्या कानाले त्याचा हात लागला नाई, तोच वाचला."