लेडीज क्लासचे हुंदके

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका थिएटरात, लेडीज क्लासच्या दाराशी मी नऊ वर्षं तिकिटं फाडली. सिनेमांची नावंसुद्धा आता आठवत नाहीत. खुर्च्यांवर जे घडलं ते मात्र साठतच गेलं. एक किस्सा सांगायला घ्यावा तर चार पुढं येतात. हे सगळे एकाच सिनेमाचे. बाप मुलीला कोंडतो, ती हिरोला शेवटचं पत्र लिहिते, शेवटच्या रिळात हिरो मरतो. बस्स! हा एवढा का चालला, ते मॅनेजरसाहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिल्याच आठवड्यात मिलमधला एक जॉबर, म्हणजे मुकादम, बायकोला घेऊन दाराशी उभा. "बाई, माझी आई गेली तवा हिच्या डोळ्यात टिपूस न्हाय आला. आन् काल हितनं आली ती पदर पिळतच! आत नेमकं करताय काय तुमी?"

"तुम्हीच बघा की," म्हटलं.

इंटरव्हलला तो जेंट्समधून लेडीज क्लासच्या दाराशी आला नि बायकोला म्हणाला, "जरा पदर दे गं."

एकदा ऐन पत्राच्या सीनला लाइट गेली. एरवी शिट्ट्या, त्या दिवशी अख्खा हॉल गप्प! अंधारात बांगडीवाल्या जैनबीचा आवाज आला. सिनेमा तिला पाठ. तिनं पत्र पुढं वाचायला घेतलं, "तुम मेरेकू भूल जाव, पन अपन मिलते थे वो नल कू नक्को भूलो." बायका हुंदके देऊ लागल्या. लाइट आली, पडद्यावरचं पत्र संपलं, नि मागून कुणीतरी ओरडलं, "ओ, नळाचं कुटं गेलं?"

सिनेमात नळ नव्हताच! मी जैनबीकडं बघितलं. ती मान खाली घालून बसली होती.

मग एकदा शेवटचं रीळ तुटलं. ऑपरेटरनं हिरो शुद्धीवर येतो तिथंच शो संपवला. दिवे लागले, पण एकही बाई उठेना! मैंदर्गीहून एस.टी.नं आलेली आजी काठी आपटत म्हणाली, "त्यो मेल्याबिगर आमी उठणार न्हाय!"

रीळ जोडलं. हिरो मेला. आजी डोळे पुसत म्हणाली, "आता बरं वाटलं."

आणि नरसम्मा. विड्या वळायची. लेकीला, पद्माला घेऊन यायची. बाप मुलीच्या खोलीला कुलूप घालतो तिथं ती हमखास उभी राहायची. आधी तेलुगूत, "वदलरा!" मग आमच्यासाठी मराठीत, "सोड की रं पोरीला!" सगळा क्लास टाळ्या वाजवायचा. पद्मा तेवढी गप्प.

एका मंगळवारी दुपारी नरसम्मा एकटीच आली. अर्ध्या तासानं पद्मा दारात. हातात पिशवी.

"मावशी, आई आत हाय?"

"हाय की. बोलवू?"

"नको. सुटायला किती वेळ हाय?"

"दोन तास."

"मग गाडी मिळंल."

रस्त्यापलीकडं एक तरुण ट्रंक घेऊन उभा होता. दोघं स्टेशनच्या दिशेनं गेली. सांगायला आत शिरले, तर नरसम्मा उभी राहून ओरडत होती, "सोड की रं पोरीला!" मी दार ओढून बाहेर आले.

पंधरा दिवस ती दिसली नाही. मग आली, तिकीट दिलं, नेहमीच्या जागी बसली. कुलपाचा सीन आला. ती उभी राहिली. सगळ्या बायका तिच्याकडं बघत होत्या.

पडद्यावरच्या बापाला ती हळूच म्हणाली, "कुलूप ओढून बघ रं बाबा."